आठ दिवस बाहेरचं जेवण आणि घशाशी येणारं आंबट

सहलीच्या पहिल्या रात्री पावणेदहाला जेवायला बसलो, अकराला आडवा झालो आणि दोनला घशाशी जळजळीत आंबट पाणी आलं तसा दचकून उठलो. उरलेली रात्र खुर्चीत बसून काढली. सकाळी बायकोने विचारलं, "आता आठ दिवस नुसते उकडलेले बटाटे का?"

कुठे गेलो होतो ते सांगत नाही, पोट सगळीकडे सारखंच असतं. माझी दुखणी तीन: जुना रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल वर घशाकडे येणं, दूध पचत नाही आणि कांदा-लसूण पोटात गेला की तास-दोन तासांत पोटाचा नगारा होतो. हे एकत्र घेऊन रोज बाहेर जेवायचं, तर काय जमलं आणि काय अंगाशी आलं ते लिहितो.

चुकांची सुरुवात विमानातच झाली. पुढ्यात आलेला ट्रे पूर्ण संपवला, वर कॉफी आणि सोडा. विमानातला हवेचा दाब उंच डोंगरावर असावा तसा, 2,400 मीटरपर्यंतच्या उंचीएवढा कमी झालेला असतो. त्यामुळे पोटातला वायू फुगतो, आणि त्यात मी सोड्याची भर घातली होती. बऱ्याच विमान कंपन्यांकडे 'ब्लँड मील' नावाचा प्रकार असतो, म्हणजे कमी तेलाचं, कमी मसाल्याचं, नाजूक पोटासाठीचं जेवण. कमी लॅक्टोजचं (दुधातली साखर कमी असलेलं) आणि ग्लुटेनविरहित (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेलं) जेवणही वेगळं मागता येतं. मात्र ते निदान 24 तास आधी, काही ठिकाणी त्याहूनही आधी, नोंदवावं लागतं. मला हे समजलं ते परतीच्या वेळी.

दुसरी चूक गोळीची. मी ओमेप्राझोल घेतो, जठरातलं आम्ल कमी करणारं औषध. ते जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं असतं, कारण जेवायला लागलं की जठरातले आम्ल सोडणारे पंप जागे होतात आणि औषध तोवर रक्तात पोचलेलं असावं लागतं. मी मात्र गोळ्या सामानाच्या बॅगेत टाकल्या होत्या आणि मिळाल्या तेव्हा ऐन जेवताना घेतल्या. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा, प्रिस्क्रिप्शनसकट. जळजळ उठल्यावर लगेच आराम देणारी अँटासिडची गोळी निराळी. ती खिशात हवी, पण तिच्या भरवशावर ओमेप्राझोल चुकवू नये.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळेने. काय खायचं याच्या याद्या मी वर्षानुवर्षं पाठ केल्या आहेत, तरी त्या रात्री मी गुन्ह्याचा एकही पदार्थ खाल्ला नव्हता. खाल्लं होतं उशिरा आणि पोटभर. भरलेलं पोट घेऊन आडवं झालं की अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप तरी किती ताण सोसणार? दुसऱ्या दिवसापासून आम्ही मुख्य जेवण दुपारी घ्यायला लागलो. चांगलं हॉटेल, तिथली खासियत, जिभेचे लाड, जे काय असेल ते दुपारी. संध्याकाळी साडेसहाला खोलीवरच केळं, साधा भात, उकडलेलं अंडं असं काहीतरी. रात्री सगळ्यांबरोबर टेबलावर बसायचो, पण ताटलीत नावापुरतं. झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं हवं, एवढा हिशोब सांभाळला की बाकीच्या नियमांत थोडी ढिलाई चालते, असा माझा तरी अनुभव.

वेटरशी बोलणं हा वेगळाच विषय. पहिल्यांदा मी मला न चालणाऱ्या अकरा गोष्टी धडाधड सांगितल्या. तो बिचारा मान डोलवत राहिला आणि कच्च्या कांद्याची कोशिंबीर घेऊन आला. चूक माझीच. नकारांची यादी लक्षात कोण ठेवणार? मग पद्धत उलटी केली: "भाजलेला मासा, नुसतं मीठ आणि तेल, बाजूला वाफवलेली भाजी. कांदा, लसूण, लोणी, क्रीम काही नको. जमेल का?" लगेच जमायचं. काय करायचं ते सांगितलं की स्वयंपाकघराचं काम सोपं होतं. शक्यतो दुपारी तीन-चारला, गर्दी नसताना फोन करून विचारा. परकी भाषा असेल तर तिथल्या भाषेत चिठ्ठी लिहून घ्या, पण तीत आजाराचं नाव नको, पदार्थांची नावं हवीत. 'रिफ्लक्स' वाचून आचाऱ्याला काय कळणार?

एक विनंती: नुसतं बाधत असेल तर 'ॲलर्जी आहे' असं ठोकून देऊ नका. खऱ्या ॲलर्जीवाल्यासाठी स्वयंपाकघर पाट, सुरी, भांडी बदलतं, हातातलं काम थांबवतं. आणि दूध चालत नाही म्हणणारा माणूस शेवटी आइस्क्रीम मागवतो, तेव्हा पुढच्या खऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. उलट खरी ॲलर्जी असेल तर अजिबात संकोच नको. तळणीचं तेल सगळ्यांना एकच आहे का, हेही विचारा.

लपलेल्या गोष्टींनी मला दोनदा फसवलं. साधं दिसणारं सूप तयार स्टॉकचं होतं आणि त्यात कांद्याची पूड होती. कांदा-लसणातलं जे मला बाधतं ते फ्रुक्टान नावाचं कर्बोदक पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून सुपातून लसणाच्या पाकळ्या वेचून काढण्यात अर्थ नसतो, पण लसूण परतून गाळून घेतलेलं तेल मला चालतं. गहू टाळणाऱ्यांनी सोया सॉसकडे लक्ष ठेवावं, तो बहुधा गव्हाचाच असतो. दुधाच्या बाबतीत जुनं, कडक चीज मला सोसतं, क्रीमचा सॉस नाही. लॅक्टेजची, म्हणजे दुधातली साखर पचवायला मदत करणारी गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची, नंतर घेऊन उपयोग होत नाही.

बुफेबद्दल माझं मत वाईट होतं. समोर काय आहे ते दिसतं हे खरं, पण तीनदा ताट भरलं जातं, आणि एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात जातो. मी छोटी ताटली घ्यायचो आणि एकदाच उठायचो.

पाचव्या दिवशी थोडा माज आला. तीन रात्री शांत गेल्या होत्या. रात्री चॉकलेटचं काहीतरी गोड खाल्लं आणि वर पुदिन्याचा चहा घेतला, 'पोटाला थंड' म्हणून! पुदिना आणि चॉकलेट दोन्ही ती झडप सैल करतात, आणि गोडातल्या तुपालोण्यामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. पुन्हा खुर्ची.

झोपण्याचं एक सांगतो. दोन-तीन उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उचलायला हवी. हॉटेलात ब्लँकेटं मागून घेतली, घड्या करून गादीखाली सारली आणि डाव्या कुशीवर झोपलो. हाउसकीपिंगवाल्याने दुसऱ्या दिवशी सगळं परत नीट करून ठेवलं, मग चिठ्ठी लिहावी लागली.

आणि हे गमतीत घेऊ नका: छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर अँटासिड चघळत बसायचं नाही, तडक इमर्जन्सी गाठायची. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, यातलं काही झालं तर सहल बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

परतीच्या विमानात माझं ब्लँड मील आलं. उकडलेलं, पांढुरकं, चवीला जवळपास काहीच नाही. शेजारी बायको चॉकलेट केक खात होती. "एक घास?" तिने विचारलं. मी घड्याळ पाहिलं. दुपारचे दीड वाजले होते. मी चमचा पुढे केला.