जॉब आणि मास्टर एकाच पाटावर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर काम करत असताना मी तयार केलेल्या दोनशे जॉबच्या, म्हणजे यंत्रभागांच्या, लॉटमधील चौदा जॉब एके दिवशी तपासणी विभागातून परत आले. जॉबमधला बोअर, म्हणजे आतले गोल भोक, साठ मिलिमीटरचा होता आणि ड्रॉइंगवर त्याच्या मापाला एच-६ म्हणजे १९ मायक्रॉनची सूट दिलेली होती; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक बोअर मी मशीनवरून उतरल्या उतरल्या स्वतः गेज लावून पाहिला होता आणि एकही मापाबाहेर नव्हता. तपासणीच्या वातानुकूलित खोलीत मात्र सगळाच लॉट माझ्या मापापेक्षा सहा-सात मायक्रॉनने लहान भरला आणि जे चौदा बोअर आधीच खालच्या मर्यादेकडे झुकलेले होते ते तिच्याही खाली गेले. मला गेज धरता येत नाही, असे त्या दिवशी सर्वांसमोर सुनावण्यात आले. गेज मला धरता येत होते, पण चूक कुठे झाली ते सांगता येत नव्हते, आणि ते सांगता न येणे मला अपमानापेक्षाही जास्त लागले.

आमच्या शिफ्टला अनगोळचे एक ज्येष्ठ सेटर, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर, होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला जवळ बोलावून एवढेच सांगितले, ‘जॉब आणि मास्टर एकाच पाटावर बसव, थोडा वेळ जाऊ दे, मग माप की.’ मास्टर म्हणजे ज्यावर बोअर गेज शून्याला लावतात ती प्रमाण रिंग. त्या दिवसापासून मी रिंग, गेज आणि जॉब हे तिन्ही ग्रॅनाइटच्या एकाच प्लेटवर शेजारी शेजारी ठेवू लागलो आणि तक्रार थांबली. पुढे ग्राहकाचे लोक आले तेव्हा त्यांनी बैठकीत या सुधारणेचे कारण विचारले. मामा माझ्याकडे पाहू लागले आणि मी मामांकडे. उपाय आमचा होता, पण त्याचे कारण दुसऱ्याच कुणी तरी सांगितले आणि अहवालावर नावही त्यांचेच लागले. मामांना त्याचे फारसे काही वाटले नाही. मी मात्र त्या रात्री खानापूरच्या शेवटच्या बसमध्ये बसून, आपण पुढे शिकायचे, असे ठरवले.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत झाले. त्यानंतर दोन वर्षांचा मशिनिस्टचा आयटीआय आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली एक वर्षाची उमेदवारी केली. आपल्याकडे आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमा झालेल्यांना डीसीईटी ही परीक्षा देऊन अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात बसता येते. ही परीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेते. दोन वर्षे डिप्लोमा आणि तीन वर्षे बीई अशा पाच वर्षांत आयटीआयचा मुलगा इंजिनिअर होऊ शकतो, हे गणित मी घरी बाबांसमोर कागदावर मांडले. नोकरी मात्र सोडावी लागणार होती, कारण मी केवळ रात्रपाळीची विनंती केली होती आणि तीही मान्य झाली नाही.

या मार्गाविषयी आमच्या भागातील मुले मला सर्वांत जास्त विचारतात, म्हणून त्यातली खरी अडचण इथे सविस्तर सांगतो. थेट दुसऱ्या वर्षात जाणे म्हणजे पहिले वर्ष वगळणे, आणि गणित व भौतिकशास्त्राचा पाया नेमका पहिल्या वर्षात घातला जातो. आयटीआयवाल्याच्या बाबतीत हे दोनदा घडते, एकदा डिप्लोमात आणि एकदा पदवीत. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन टूल्स या विषयांत मी वर्गात सगळ्यांच्या पुढे असे. फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, वाढवला की पृष्ठभाग का खडबडीत होतो किंवा इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली की आवाज कसा बदलतो, हे मला पुस्तक न उघडता माहीत होते. पण फळ्यावर डिफरन्शिएशन आले की माझ्या हातातले पेन थांबे. आमचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांना अतिरिक्त गणिताचे दोन पेपर द्यायला लावते. पुष्कळ मुले त्यांना कटकट समजून कसेबसे उरकतात. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी त्या अभ्यासक्रमात त्या दोन पेपरांइतके उपयोगाचे काहीच नाही. ते मनापासून केले नसते तर पुढच्या सहाही सत्रांत मी पाठांतरावरच तग धरला असता.

भाषेची अडचण त्या मानाने लवकर सुटली. त्रिकोणमिती, वर्गसमीकरण, प्रसरण या शब्दांत शिकलेल्या मुलाला तीच गोष्ट इंग्रजीत ओळखायला काही महिने लागतात. मी एका वहीत तीन रकाने आखून प्रत्येक संज्ञा मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहीत गेलो. ती वही आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या चौदा जॉबचे उत्तर मला डिप्लोमातील माझ्या दुसऱ्या सत्रात सापडले. मेट्रॉलॉजीच्या म्हणजे मापनशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले की लांबीचे कोणतेही माप २० अंश सेल्सिअस तापमानाला धरले जाते आणि हा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून चालत आला आहे. कास्ट आयर्न दर अंशाला एका मीटरमागे साधारण ११ मायक्रॉनने वाढते. साठ मिलिमीटरचा बोअर खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर तो ६.६ मायक्रॉनने मोठा दिसणार. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब गरम होता आणि माझी रिंग कपाटाच्या सावलीत थंड होती. तापमान तीस अंश असो वा वीस, जॉब, गेज आणि रिंग यांचे तापमान सारखे असेल आणि तिन्ही लोखंड किंवा पोलादाचे असतील तर चूक जवळजवळ परस्पर वजा होते. म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता, तो तापमानातील फरकाचा होता, आणि मामा ‘एकाच पाटावर’ म्हणत होते त्याचा अर्थ हाच होता. तास संपल्यावरही मी बराच वेळ बाकावर बसून राहिलो होतो.

पुढे पदवीच्या काळात त्याच लॉटवर मी आणखी एक हिशेब केला. माझ्या मशीनचे प्रमाण विचलन, म्हणजे मापे सरासरीभोवती किती पसरतात ते दाखवणारा सिग्मा, सुमारे २ मायक्रॉन होते. सहा सिग्मा म्हणजे १२ मायक्रॉन आणि सूट १९, तेव्हा सुटीला सहा सिग्माने भागून प्रक्रियेची क्षमता १.५८ येते, जी उत्तमच म्हणावी लागेल. परंतु मध्य ६.६ मायक्रॉनने सरकल्यावर जवळची मर्यादा केवळ २.९ मायक्रॉनवर उरते, त्याला तीन सिग्मा म्हणजे ६ ने भागले की सीपीके, म्हणजे मध्य सरकल्याचा हिशेब धरून काढलेली क्षमता, ०.४८ वर येतो, आणि ग्राहक तर सहसा किमान १.३३ मागतात. या आकड्यांनुसार शेकडा सातच्या आसपास जॉब मर्यादेखाली जायला हवेत, आणि दोनशेतले चौदाच गेले होते. मशीन चांगले होते आणि ऑपरेटरही चांगला होता. हे सांगायला मला तेव्हा हे अंक हवे होते.

पदवीनंतर मी दुसऱ्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो. सीनिअर सेटर ओव्हरटाइम धरून जेवढे घरी नेतो त्यापेक्षा ट्रेनी इंजिनिअरचा पगार कमी असतो. आमच्या घरी तर आधीची पाच वर्षे आईच्या शिलाईवर आणि दोन एकर भातावर निघालेली होती, त्यामुळे पहिला पगार हातात ठेवताना मला संकोच वाटला. साधारण दोन-तीन वर्षांत ही तफावत भरून निघते, पण तेवढा काळ घरच्यांना आधी सांगून ठेवावा, नंतर सांगू नये. ज्यांना नोकरी सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठी आता तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून काम करणाऱ्यांच्या सोयीच्या वेळेत डिप्लोमा आणि पदवीचे वर्ग चालवण्यास परवानगी दिली आहे. त्यासाठी किमान एका वर्षाच्या नोकरीचा अनुभव लागतो. माझ्या वेळी ही सोय असती तर मी ती निश्चित घेतली असती.

टेक्निशियन आणि इंजिनिअर यांच्या कामातला फरक मला असा दिसतो. सेटर असताना माझ्या मशीनवर माझ्या शिफ्टमध्ये माप बिघडले तर ते सुधारणे हे माझे काम होते. मशीनच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या जागेच्या दुरुस्तीत, चार मायक्रॉन दिले की ते संपत असे. आता मी नसताना, तिसऱ्या शिफ्टला, काल रुजू झालेल्या मुलाच्या हातूनही ते बिघडू नये याची व्यवस्था मला करावी लागते आणि ती लिहून, सही करून द्यावी लागते. चूक झाली तर ती त्या मुलाची धरली जात नाही, माझ्या कागदाची धरली जाते, आणि तसेच असायला हवे.

गेल्या वर्षी मी मापनाची एक सूचना तयार केली आणि ती कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत मशीनपाशी लावली. जॉब, गेज आणि रिंग मापण्यापूर्वी अर्धा तास एकाच ग्रॅनाइट प्लेटवर ठेवावेत, असे तिच्यात लिहिले होते. मामा आता निवृत्त झाले आहेत. त्यांना भेटायला अनगोळला गेलो तेव्हा मी तो कागद सोबत नेला होता. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘जाड भिंतीच्या बॉडीलापण अर्धाच तास?’ दुसऱ्या दिवशी मी पंधरा किलोची एक हायड्रॉलिक बॉडी प्लेटवर ठेवली, तिला तापमापक चिकटवला आणि दर दहा मिनिटांनी नोंद घेत बसलो. अर्ध्या तासाने ती रिंगपेक्षा चार अंशांनी गरम होती आणि फरक एका अंशाच्या आत यायला दीड तास लागला. सूचनेची दुसरी आवृत्ती त्याच आठवड्यात लागली. तिच्यात वजनानुसार तीन वेगवेगळ्या वेळा आहेत.