गव्हाणीतल्या काड्या

आपल्या शाळेच्या नाताळाविषयी या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. गोठा, तारे, नाटुकली, सगळं येईल त्यात. मी नाताळाआधीच्या चार आठवड्यांविषयी, म्हणजे आगमनकाळाविषयी लिहिते. देव जवळ असतो म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत उमगू लागलं, आणि त्याचा पाया आपल्या शाळेत घातला गेला.

त्या दिवसांत वसईत थंडी नुकती सुरू झालेली असायची. भाताची झोडणी उरकलेली, घरोघर पेंढा रचून ठेवलेला. त्यातलाच मूठभर पेंढा शाळेत यायचा. सिस्टर वर्गातल्या स्टुलावर एक छोटी लाकडी गव्हाण ठेवायच्या, रिकामी. नियम एकच. कुणासाठी काही चांगलं केलं आणि त्याचा कुठे गाजावाजा केला नाही, तर एक काडी गव्हाणीत टाकायची, तीही कुणाचं लक्ष नसताना. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की पाणी प्यायच्या निमित्ताने एकेक जण हळूच परत यायचा. त्यात आम्ही ख्रिस्ती मुलं होतो, तशीच वाडवळ, आगरी, भंडारी घरांतलीही होती. नाताळाला गव्हाणीत निजणाऱ्या बाळ येशूला लाकूड टोचता कामा नये, ही काळजी त्यांनाही आमच्याइतकीच.

देवळात जांभळी वस्त्रं आलेली असायची, रविवारच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, गौरवगीत नसायचं. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची आनंदाची गुलाबी. या चक्राची गोष्ट सिस्टरांनीच सांगितली होती. हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं त्यांच्या मागे लागायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. पोरांच्या अधीरपणाला त्या माणसाने दटावलं नाही, हे मला तेव्हाही फार आवडलं होतं.

१९८६ साली मी नववीत होते. त्या वर्षी तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान मत्तयच्या अकराव्या अध्यायातलं होतं. बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने आयुष्यभर मसीहाची, येणाऱ्या तारणाऱ्याची, वाट तयार केली, तोच शिष्यांकरवी विचारतो की, येणारे ते आपणच, की आम्ही आणखी कुणाची वाट पाहायची? येशू निरोप धाडतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकायला मिळते. तुरुंगाचं दार मात्र उघडत नाही. योहानाचा तिथेच शिरच्छेद होतो. सोमवारी मी सिस्टरांना विचारलं, येशूने त्याला सोडवलं का नाही? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही, बाळ. पण योहानाला निरोप पोचला, एवढं लक्षात ठेव."

त्याच सुमारास मराठीचे सर संतकाव्य शिकवत होते. घरची वारी असलेले आमचे सर. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दाराशी आला, पुंडलिकाने हातातलं काम न सोडता वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. "आणि देव थांबला," सर म्हणाले. मग आम्हा ख्रिस्ती मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही सध्या देवाची वाट पाहताय ना? तोही तुमची पाहत असेल." मी हे सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी बायबल उघडून प्रकटीकरणातला दाराशी उभा राहून ठोठावणारा ख्रिस्त दाखवला आणि म्हणाल्या, "सरांचं बरोबर आहे." अशी आपली शाळा.

२००७ च्या डिसेंबरात आई आयसीयूत होती. आगमनकाळाचा एकही रविवार मला देवळात जाता आलं नाही. आईचे ओठ ओल्या कापसाने पुसायचे, पाय चोळायचे, बाकी वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. प्रार्थना सुचत नव्हती. आपल्याच वर्गातला एक मित्र फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जायचा. त्याला कळल्यावर तो घरून तासभर आधी निघू लागला. फुलांचा भारा जिन्याखाली ठेवून वर यायचा आणि म्हणायचा, "तू पड जरा, मी आहे." मी बाकावर डोळे मिटायचे. लोकलची वेळ झाली की तो मला उठवून निघायचा. त्याच्या सदऱ्याला झेंडूचा वास असायचा.

त्या तिसऱ्या रविवारी पहाटे उठून बसले आणि लक्षात आलं, आज चर्चमध्ये पुन्हा तेच वाचन आहे, तुरुंगातल्या योहानाचं. आईची सेवा चालली होती, आणि मी देवळात गेले नाही म्हणून देव निघून गेला नव्हता. तो तिथेच होता, त्या बाकापाशी. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. त्या पहाटे जितकी खात्री वाटली, तितकी मला कुठल्याच मध्यरात्रीच्या मिस्सात वाटलेली नाही. आई घरी आली नाही, जानेवारीत गेली. खात्री मात्र टिकली.

आता रविवारी मी आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. योहानाविषयीचा तो प्रश्न दर थोड्या वर्षांनी कुणीतरी विचारतंच. मी आधी सिस्टरांचं उत्तर सांगते, मग सरांच्या विठोबाची गोष्ट, आणि वेळ उरला तर त्या मित्राची.