संगणकाचे नाव बदलल्यावर

आज एका लिनक्स संगणकाचे नाव बदलायचे होते. हॉस्टनेमसीटीएल या कमांडने ते क्षणात बदलले. पण ही कमांड होस्ट्स फाइलला (नावे आणि त्यांचे नेटवर्क पत्ते यांची संगणकावरची स्थानिक यादी) हात लावत नाही, त्यामुळे डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या रिवाजाप्रमाणे तेथे १२७.०.१.१ या पत्त्यासमोर जुनेच नाव राहिले आणि प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारे सुडो दर वेळी नव्या नावाचा पत्ता सापडत नसल्याची तक्रार करू लागले. ती ओळ सुधारताच तक्रार थांबली.

खरी गंमत पुढे होती. त्याच फाइलमध्ये नोंदवलेल्या शेजारच्या सर्व्हरचे नाव पिंगला (दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी कमांड) कळत होते, डिगला (डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या नेटवर्क सेवेला, विचारणारी कमांड) मात्र नाही. नावे कुठे शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमध्ये आधी ‘फाइल्स’ आणि मग ‘डीएनएस’ असा क्रम असल्यामुळे पिंगसारखे प्रोग्रॅम प्रथम स्थानिक नोंदी पाहतात, तर डिग हा क्रम बाजूला ठेवून थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. म्हणून अशा तपासणीत हाच क्रम पाळणाऱ्या ‘गेटएंट होस्ट्स’ या कमांडवर विसंबणे मला अधिक योग्य वाटते. (डिगचा यात काहीच दोष नाही, तिचे कामच ते आहे.)

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये हाताने लिहिलेला नेमसर्व्हर (डीएनएस सर्व्हरचा पत्ता) मात्र अनेकदा टिकत नाही. सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावांचे पत्ते शोधणारी स्थानिक सेवा चालू असेल, तर ती फाइल बहुधा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) असते व तिच्यात १२७.०.०.५३ हा त्या सेवेचा पत्ताच तेवढा दिसतो. प्रत्यक्षातले सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने पाहावे लागतात.