पऱ्हाटीचा कारखाना आणि बँकेतली अडलेली फाईल: माझा अनुभव

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांपासून, ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेले जळणाचे ठोकळे, बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात तो, बनवायचा कारखाना टाकणार असाल तर बँकेतली फाईल उन्हाळ्यातच द्या. मी पोळ्याच्या आधी दिली होती, तरी हंगाम हातचा गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहितोय.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की पऱ्हाटी चिमट्याने उपटायची, बांधावर रचायची आणि पेटवून द्यायची. बोंडअळीमुळे ती शेतात उभी ठेवताही येत नाही. हेक्टरी दोन-तीन टन माल असा धुरात जातो. पिकांचे उरलेसुरले अवशेष देशात वर्षाला सुमारे 23 कोटी टन आहेत आणि त्यांतून 28,000 मेगावॅट वीज होऊ शकते, असा केंद्राचाच अंदाज आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात 2024-25 पासून 5 टक्के आणि 2025-26 पासून 7 टक्के जैवइंधन मिसळावं, असं 2023 चं सुधारित धोरण सांगत होतं. त्यांना पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या बारीक गोळ्या, लागतात. ब्रिकेट बॉयलरवाले घेतात. मला वाटलं, एवढी मागणी आहे तर कर्जाला कोण अडवणार?

उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला, पीएमईजीपीचा (नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) ऑनलाइन अर्ज हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते बँकेच्या शाखेत.

साहेबांच्या टेबलावर मी नमुन्याचा ठोकळा ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला, फाईलवर सांडलेला भुसा हाताने झटकला आणि विचारलं, "कच्च्या मालाचं कोटेशन कुठंय?" मशीनचं कोटेशन होतं, शेडचं इस्टिमेट होतं. पण पऱ्हाटीचं कोटेशन कोण देणार? शेतकरी म्हणतो, "भाऊ, घेऊन जा, माझं वावर मोकळं करून दे." मग मी गावोगाव फिरून सहमतीपत्रं घेतली. प्रत्येकाला सातबारा जोडला, ई-पीक पाहणीत कापसाची नोंद असलेला. हे मात्र तुम्ही आधीच करून ठेवा, फार वजन पडतं.

कागद मान्य झाले आणि खरी अडचण पुढे आली, खेळत्या भांडवलाची, म्हणजे माल-मजुरीला लागणाऱ्या रोजच्या पैशाची. छोट्या उद्योगाला बँक ठरावीक हिशेब लावते: वर्षाच्या अंदाजी विक्रीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले 5 टक्के तुमचे, 20 टक्के बँकेचे. म्हणजे 60 लाखांची विक्री धरली तर मर्यादा 12 लाखांची. यात गृहीत असं की पैसा तीन महिन्यांत फिरतो, वर्षातून चार फेऱ्या होतात. पऱ्हाटीची फेरी वर्षातून एकच! जानेवारी ते एप्रिल एवढ्यातच बाराही महिन्यांचा माल उपटून, वाळवून गंजीला लावावा लागतो. मजुरी रोख, ट्रॅक्टरचं भाडं रोख. 12 लाखांत माझा निम्माही माल आला नसता. मी हे तोंडी सांगितलं, लिहून दिलं. उत्तर एकच, "सिस्टीममध्ये असंच बसतं." साहेब रजेवर, मग ऑडिट, मग दुसरे साहेब, आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगा.

तोवर संक्रांत उलटली. ज्यांनी मला सह्या दिल्या होत्या त्यांच्याच वावरांत मी धूर पाहिला. त्यांना नावं ठेवू शकत नाही, त्यांना रान नांगरायचं होतं. मला माझी पऱ्हाटी जळताना दिसत होती आणि फाईल टेबलावरून हलत नव्हती.

वाट निघाली ती जिनिंगमध्ये हिशेब पाहिलेल्या एका जुन्या जाणत्या काकांमुळे. ते म्हणाले, "अरे, साखर कारखान्याला बँक महिनावार रोखीच्या अंदाजावर पैसा देते. तू तेच माग." आम्ही बारा महिन्यांचा तक्ता केला: कोणत्या महिन्यात किती माल येणार, किती विकला जाणार, कर्ज मार्चअखेर कुठवर चढणार आणि दिवाळीपर्यंत किती उतरणार. सोबत दोन बॉयलरवाल्यांची खरेदीची पत्रं जोडली. तक्ता वरच्या कार्यालयात गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो एका बैठकीत समजून घेतला. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानतो. मंजुरी आली तेव्हा चैत्र लागला होता. पहिलं वर्ष तुराट्या आणि आरागिरणीच्या भुशावर काढलं. सोयाबीनचं कुटारही घेतलं, पण ते जनावरांना लागतं, म्हणून महाग पडतं.

आता आठवेल तसं सांगतो. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरू नका, ट्रॉली भरते पण वजन काहीच येत नाही. श्रेडर, म्हणजे तुकडे करणारं यंत्र, बांधावर न्या. मुळाची माती झटकूनच टाका, नाहीतर राख वाढते आणि मशीनचे ठोकळा दाबणारे भाग, पंच-डाय, लवकर झिजतात. ओलावा 10-12 टक्क्यांच्या वर गेला की ठोकळा फुटतो. वाळलेली काडी कट्कन मोडते, ओली वाकते, मजुरांना एवढं शिकवलं तरी पुरतं. मशीन घेण्याआधी नागपूरला सिरकॉट या केंद्राच्या कापूस संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात जाऊन या, पऱ्हाटीवर त्यांचं काम जुनं आहे. गंज्यांमध्ये अंतर सोडा आणि विमा उघड्यावरच्या मालाचाही घ्या. आमच्या पॉलिसीत आधी फक्त शेड होतं.

आणि पीएमईजीपीचं अनुदान हातात येईल या हिशेबाने कुणाला शब्द देऊ नका. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकलेलं असतं, नंतर कर्जात वळतं. जागेची किंमतही प्रकल्प खर्चात धरत नाहीत, ती स्वतःच्या खिशातून.