डावा डोळा गेलेलं माकुल

माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, मेंदू काढायचा असेल, तर जेटीवर ढिगात पडलेलं माकुल कामाचं नाही. ट्रॉलच्या जाळ्यात ते दाबलं जातं, वर बर्फाचं गोडं पाणी मुरतं. कवटीची कूर्चा उघडावी तर आत लापशी. रात्री दिव्याखाली गळाने धरलेलीच हवीत. जाळीने उचलली की कातडी सोलते, म्हणून बादलीत पाण्यासकट घ्यायची. शाई सोडली की पाणी ताबडतोब बदलायचं, नाहीतर ती कल्ल्यांत बसते. टाकी गोलच हवी. कोपऱ्यांत आपटून पोहायच्या परांच्या कडा फाटतात आणि तिथून जखम चिघळते. हे लेखी देऊनही आम्हाला आधी चौकोनी टाकी आली होती. ती स्वस्त होती ना!

त्या दिवशी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून पाच आली. एकाचा डावा डोळा गळाने खरवडून दुधाळ झालेला. पाचही एका दिशेला तोंड करून समांतर तरंगत होती, पण हे कायम थव्याच्या डाव्या कडेला, म्हणजे बाकीची चौघं चांगल्या डोळ्यासमोर. थवा उलटा वळला की हे मागून फिरून पुन्हा तीच कड धरायचं.

विद्यार्थ्यांनी लगेच ‘मैत्री’ म्हणून टाकलं. माकडांवरून आलेला अंदाज आहे, की कळपात राहणाऱ्याचा मेंदू मोठा. पण माकुलाचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, अंडी घालून आई मरते, पिल्लांना शिकवणारं कोणी नाही. आणि एकट्याने राहणाऱ्या ऑक्टोपसकडे सुमारे 50 कोटी चेतापेशी, त्यातल्या दोनतृतीयांश हातांत!

दुपारी एक माकुल त्याच्या आंधळ्या बाजूने आलं आणि झटक्यात मागे उसळलं. त्याच क्षणी हेही उसळलं. डोक्यावर आणि हातांवर केसपेशींच्या रांगा असतात, माशाच्या पार्श्वरेषेसारख्या; त्या पाण्याची हालचाल टिपतात. ती जाणीव असेल का? पण उजवीकडची तिघं दिसत होतीच, त्यांच्याकडे बघूनही ते उसळलं असेल; आणि पाणी हलवणारा हवेचा पंप बंद करायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी भूल दिली. 1 लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेलं), त्यात तेवढंच समुद्राचं पाणी. रंगपेशी सैलावून अंग पांढरं पडतं. श्वास थांबून चिमट्यालाही प्रतिसाद नसला, मगच सुरी. अन्ननलिका मेंदूच्या कड्यातून आरपार जाते, त्यामुळे आतडी ओढली की मेंदू फाटतो. दरवर्षी कोणीतरी ओढतंच. कूर्चेला खिडकी पाडून मग समुद्राच्या पाण्यातलं 10 टक्के फॉर्मॅलिन. खिडकी नसेल तर ते आत पोचेपर्यंत मधला भाग सडतो.

मेंदूचा बहुतेक ऐवज डोळ्यांमागच्या दोन दृष्टिखंडांत, घेवड्याच्या दाण्यांसारख्या. स्मृतीचा ऊर्ध्वखंड त्यांच्यापुढे किरकोळ. डावा खंड उजव्याएवढाच निघाला. जखम आदल्या रात्रीची, एवढ्यात झिजणार काय?