रायवळचे ओंडके आणि विजेची चेनसॉ: तीन महिन्यांची नोंद

लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकडी वाट्या करायला लागून मला दोन वर्षं झाली. आजवर वखारीतून कापलेले ठोकळे आणायचे. यंदा श्रावणातल्या वादळी पावसात आमच्या दापोलीच्या आगराच्या कडेला असलेल्या रायवळ आंब्याची मोठी फांदी मोडून पडली, बुंध्याकडे 14 इंच जाड. ती सरपणात जायच्या आधी तिच्यातून वाट्यांचे ठोकळे काढायचे ठरवलं आणि गणपती झाल्यावर चेनसॉ घेतली. वायरवर चालणारी, 2000 वॅटची, 16 इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी). पेट्रोलची करवत मला जड होते आणि तिची दोरी ओढताना खांदा दुखतो. घराच्या खळ्यात कापायचं असेल तर विजेची पुरते.

सुरुवातीलाच एक सांगते. मी पडलेलं लाकूडच कापते. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, उभं झाड पाडायला परवानगी लागते. शिवाय झाड पाडणं ही वेगळीच विद्या आहे. ती या नोंदीत नाही.

5 ऑक्टोबर

पहिला दिवस वायरीत गेला. घरात 30 मीटरचं जुनं एक्स्टेन्शन होतं, 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरचं, चक्रीवर गुंडाळलेलं. माझे दीर इलेक्ट्रिकची कामं करतात. त्यांनी ती वायर बोटात धरून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, ही मिक्सरला ठीक आहे. ह्या यंत्राला नको."

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. जाऊन-येऊन 60 मीटर इतकी बारीक वायर म्हणजे दीड ओहमचा रोध. तेरा-चौदा व्होल्ट वायरीतच खर्च होणार आणि शंभर वॅटच्या बल्बापेक्षा जास्त उष्णता त्या गुंडाळीत कोंडून राहणार. वरचं रबर मऊ होऊन आतल्या तारा एकमेकींना टेकायला असं किती वेळ लागतो? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, त्यात ही भर.

आता 2.5 चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची वायर आहे आणि ती दर वेळी पूर्ण उलगडूनच वापरते. पडवीतल्या बोर्डावर भाऊजींनी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की ती तोडणारा स्विच) बसवला. चेनखाली कधी वायर आलीच आणि वीज अंगातून किंवा जमिनीकडे जाऊ लागली, तर तो क्षणात वीज तोडेल. पण वायर चेनखाली येऊच नये म्हणून ती उजव्या खांद्यावरून पाठीमागे सोडते. करवतीची वायर एक्स्टेन्शनला जिथे जोडते तिथे एक सैल गाठ मारते, म्हणजे ओढ बसली तरी जोड सुटत नाही. खळं दंवाने ओलं असेल तर थांबते, ऊन चढेपर्यंत.

12 ऑक्टोबर

पहिले काप. आधी चेनचा ताण बघितला: चेन बारच्या खालच्या कडेला चिकटून हवी, तरी हातमोजा घालून हाताने ओढली तर सहज फिरायला हवी. दहा-पंधरा मिनिटं कापलं की चेन तापते, वाढते, खाली लोंबते. मग थांबून पुन्हा ताणायची. काम संपल्यावर मात्र आठवणीने सैल करायची, नाहीतर थंड होताना ती आवळून बार आणि बेअरिंग दोन्हींवर जोर येतो. तेलाची परीक्षा सोपी आहे. साल काढलेल्या पांढऱ्या लाकडासमोर बारचं टोक वीतभर अंतरावर धरून करवत चालवायची. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

ब्रेकही रोज सकाळी तपासते. दोन्ही हातांनी घट्ट धरून करवत चालू करायची आणि डावं मनगट पुढे झुकवून समोरचा संरक्षक दांडा ढकलायचा. चेन जागच्या जागी थांबली तरच पुढचं काम.

फांदीचा शेंडा घोडीवर (ओंडका टेकवायच्या लाकडी स्टँडवर) घेऊन कापताना बार अडकला. चूक माझीच. ओंडका दोन्ही बाजूंना टेकलेला होता आणि मी वरून सरळ खाली कापत गेले. दोन्ही टोकांना आधार असेल तर ओंडका मधे खाली वाकू पाहतो. वरचे धागे दाबले जातात, खालचे ताणले जातात. वरून कापलं की काप मिटतो आणि बार चिमटतो. म्हणून तिथे वरून एक तृतीयांश कापायचं, मग खालून वर यायचं. टोक हवेत लोंबत असेल तर याच्या उलट: आधी खालून थोडं, मग वरून. खालून कापताना करवत आपल्या अंगावर ढकलली जाते, वरून कापताना ओंडक्याकडे ओढली जाते. हातांना हे दोन्ही जोर माहीत व्हायला मला आठवडा लागला.

अडकलेला बार हिसडून काढायचा नाही. ट्रिगर लगेच सोडायचा (मोटर अडून गुणगुणत राहिली तर वाइंडिंग जळतं), पिन काढायची, कापात पाचर ठोकायची. पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची कधीच नाही.

26 ऑक्टोबर

आज करवत उसळली.

नऊ इंचाचा एक ओंडका घोडीवर होता. त्याच्या मागे दुसरा ओंडका टेकून ठेवला होता आणि तो तिथे आहे हे मी विसरले होते. काप अर्ध्यावर आला तेव्हा बारचं टोक पलीकडे बाहेर निघालं आणि त्या मागच्या ओंडक्याला लागलं. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, कळलं ते नंतर. करवत वर आणि मागे उडाली होती, समोरचा दांडा माझ्या डाव्या मनगटावर आदळला होता आणि चेन थांबलेली होती.

कारण बारच्या टोकाच्या वरच्या पाव भागात आहे. तिथे चेन पुढून वळून खाली जाते. तिथला दाता कशात रुतला की चेन पुढे सरकत नाही आणि चेनचा सगळा जोर बारला वर, आपल्या तोंडाकडे भिरकावतो. माणसाला कळून हात आवरेपर्यंत सगळं संपलेलं असतं, तिथे ताकदीचा उपयोग नाही. मला वाचवलं तीन गोष्टींनी. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळसा घालून होता, म्हणून मूठ सुटली नाही. डावा हात कोपरात जवळपास सरळ होता. आणि मी बारच्या रेषेत नव्हते, थोडी डावीकडे उभी होते, त्यामुळे बार उजव्या खांद्याच्या बाजूने वर गेला.

मनगट दोन दिवस सुजलेलं होतं. भाऊजींनी एवढंच विचारलं, "टोक कुठे होतं?" आता प्रत्येक कापाआधी मी हाच प्रश्न मोठ्याने विचारते. ओंडक्यामागे दोन हात जागा मोकळी केल्याशिवाय ट्रिगरला बोट लावत नाही. बारच्या मुळाशी दातेरी टेकू आहेत, ते लाकडाला टेकवून तिथूनच काप सुरू करते. खांद्याच्या वर करवत नेत नाही, शिडीवर तर नाहीच नाही.

त्याच आठवड्यात चेनसॉची संरक्षक पँट मागवली, 20 मीटर प्रतिसेकंद वेगाला तपासलेली, क्लास 1 ची. आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) अडवतात, असं तिचं काम आहे. विजेची मोटर मात्र धागे गुंतल्यावरही जोर लावत राहू शकते. त्यामुळे पँट आहे म्हणून पाय सुरक्षित, असं मी धरत नाही. जाळीचा मुखवटा, आत चष्मा, कानावर मफ, पायात लोखंडी टोकाचे बूट. ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळं घालून साडेनऊनंतर काम होत नाही. सातला सुरू करते.

9 नोव्हेंबर

आज काहीही झालं नाही, तरीही या तीन महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची नोंद ही आहे.

काप संपला. ट्रिगर सोडला. पेट्रोलची करवत अशा वेळी फटफटत राहते, आपण चालू आहोत याची आठवण देत राहते. विजेची एकदम गप्प होते. खळ्यात कोंबडा आरवला, पलीकडे कोणीतरी कळशी भरत होतं. चेन आणि बारच्या मधे सालीची एक चिंधी अडकली होती. मी करवत मांडीवर घेतली, उजवा हात मुठीवरच होता, आणि डाव्या हाताने ती चिंधी ओढायला लागले. बोटं दात्यांवर. पिन लावलेली.

मुठीवरचं लॉक बटण आणि ट्रिगर दोन्ही एकत्र दाबल्याशिवाय करवत चालू होत नाही, खरं आहे. पण दोन्ही एकाच हाताखाली येतात आणि माझा हात तिथेच होता. ते लक्षात आलं आणि अंगाला घाम फुटला.

त्या दिवसापासून नियम केला: चेनजवळ हात न्यायचा तर पिन डोळ्यांसमोर. नुसती काढलेली पुरत नाही, दिसली पाहिजे. जोडाची गाठ सोडते, पिन ओंडक्यावर ठेवते, मग हात. चेन ताणणं, तेल भरणं, चिंधी काढणं, दुसऱ्या ओंडक्याकडे चार पावलं चालत जाणं, सगळ्याला हाच नियम. बॅटरीची करवत असेल तर बॅटरी काढून ओंडक्यावर ठेवा. दिवसाला वीसदा पिन काढावी लागते. मी काढते.

23 नोव्हेंबर

वाट्यांचे ठोकळे काढायचे तर ओंडका गाभ्यातून उभा चिरावा लागतो. गाभा ठोकळ्यात राहिला तर सुकताना वाटी तिथूनच तडकते. अडचण अशी की पंधरा इंच लांबीचा गोल ओंडका कुठेच स्थिर राहत नाही आणि पायाने दाबून धरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

तीन रविवार खपून पाळणा बनवला. गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन जाड फळ्या, त्यांना इंग्रजी व्हीसारखी खाच, दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट केलेल्या पाचरी, वरून ट्रकवाले वापरतात तसा रॅचेटचा पट्टा. पट्टा कापाच्या रेषेपासून चार बोटं लांब. ओंडका हाताने जोर लावून हलवून बघते. जरा हलला तरी पुन्हा आवळते. खाचेखालची जागा मोकळी ठेवली आहे, म्हणजे बार आरपार गेला तरी जमिनीला लागत नाही. आमच्या तांबड्या मातीला एकदा चेन लागली की दात्यांची धार गेलीच समजा. म्हणून ओढून आणलेला ओंडका आधी ताठ ब्रशने धुते, माती बसलेली साल कोयत्याने काढते. जुन्या आंब्यात कपडे वाळत घालायच्या तारेचे खिळे निघतात, त्यासाठी ओंडक्यावरून लोहचुंबक फिरवते.

ओंडका उभा ठेवून वरून चिरला तर भुसा पिठासारखा येतो आणि मोटर दमते. आडवा ठेवून धाग्यांच्या दिशेने बार लांबीभर चालवला की लाकडाच्या लांबलचक शेवया निघतात, ओल्या, पिवळसर, कैरीसारख्या वासाच्या. काप लोण्यातून जावा तसा जातो. पण याच शेवया स्प्रॉकेटच्या झाकणात साठून चेन अडवतात. दर चार-पाच इंचांना थांबते, पिन काढते, झाकणाच्या तोंडातल्या शेवया काडीने ओढते.

पहिल्या ओंडक्यातून चार ठोकळे निघाले. टोकांना त्याच तासात वितळवलेलं मेण लावलं. आंब्याला उशीर केला की निळसर काळे डाग आत शिरतात. श्रावणापासून पडलेल्या या फांदीच्या टोकाकडचा इंचभर भाग त्यात गेलाच होता.

7 डिसेंबर

वाट्या जेवणाच्या, म्हणून बारला शेंगदाण्याचं तेल घालून पाहिलं. कापताना उत्तम. मग लग्नसराईत करवत तशीच पडून राहिली आणि तेल डिंकासारखं घट्ट झालं, चेन हाताने फिरेना. रॉकेलमध्ये भिजवून साफ केली. आता बारचंच तेल वापरते. लेथवर ठोकळ्याचा वरचा थर तसाही उतरतो.

शेजारचे काका माडाचा तुकडा घेऊन आले होते. एकच काप दिला. माडाच्या खोडाचे चिवट दोरे स्प्रॉकेटला गुंडाळले गेले आणि बाहेरच्या कडक भागाने धार बोथट केली. त्यांना सांगितलं, "काका, हे कुऱ्हाडीचं काम."

माझ्या चेनला 28 दाते आहेत, 14 डावे, 14 उजवे. 4 मिलिमीटरची गोल कानस, 30 अंशांचा कोन, फक्त पुढे ढकलायची, प्रत्येक दात्याला मोजून तीन हात. एका बाजूला जास्त झाले तर काप वाकडा जातो. धार गेल्याची खूण भुशात दिसते: चुऱ्याऐवजी पूड पडायला लागली की थांबायचं. बोथट चेनवर माणूस जोर देतो आणि जोर देणाऱ्याचा तोल जातो. दर दोन तासांच्या कामानंतर कानस मारते.

4 जानेवारी

एकूण अकरा ठोकळे. दोन तडकले, नऊ पडवीत सावलीला भुशाच्या गोणीत सुकताहेत. त्या नवांतल्या एकाची ओली वाटी लेथवर काढली, भिंत पाऊण इंच ठेवली आहे. सुकून लांबट झाली की पुन्हा गोल करेन.

शेवयांची अडचण अजून पूर्ण सुटलेली नाही. झाकणाचं तोंड रुंद केलेलं चालेल का, असा मोह होतो, पण ते झाकण तुटलेली चेनही अडवतं, म्हणून त्याला कानस लावणार नाही. बार पाच अंश तिरका धरला की शेवया तोकड्या येतात, एवढं सापडलं आहे. कोणी याहून चांगला कोन काढला असेल तर मला हवा आहे.

बुंध्याकडचा 14 इंची तुकडा उरला आहे, ओल्या गोणपाटाखाली. तो पाळण्यात मावत नाही. भाऊजी संक्रांतीला येतील तेव्हा खाचा रुंद करून देतील, मगच त्याला करवत लावेन.