नावं संपेपर्यंत

सिनेमा संपत आला की उठायचं, ही सवय मला एसटीनं लावली. सांगलीत सहाचा खेळ बघायचा आणि तासगावच्या पुढं आमच्या गावाला जाणारी मुक्कामी गाडी गाठायची, म्हणजे पडद्यावर नायकानं नायिकेचा हात धरला की आमचा हात खुर्चीखालच्या पिशवीकडं जायचा. नावं सुरू होईपर्यंत आम्ही जिन्यात. सिनेमाला संकलक नावाचा एक माणूस असतो, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

२००८ च्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. नऊ वर्षांचा. त्याला 'आयर्न मॅन' दाखवायला घेऊन गेलो. हिंदीतला खेळ होता, पंखे फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करत होते, पण पोरगं खूश होतं. शेवटी त्या लोखंडी चिलखतवाल्यानं पत्रकारांसमोर 'तो मीच' म्हणून सांगून टाकलं, आणि मी पोराचं मनगट धरून निघालो. गाडी मिळाली. खिडकीसुद्धा मिळाली. मला वाटलं, मामा म्हणून आपण कर्तव्य चोख बजावलं.

पुढं त्याला मिसरूड फुटायच्या वयात त्यानं माझ्यावर आरोपपत्र ठेवलं. "मामा, त्या दिवशी तू मला सिनेमा पुरा बघूच दिला नाहीस." नावं संपल्यावर म्हणे अजून एक प्रसंग होता. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस अंधारातून पुढं येतो आणि त्या लोखंडी पठ्ठ्याला सांगतो की, जगात असा तू एकटाच नाहीस. झालं, एवढंच. जेमतेम मिनिटाचा मामला. तेव्हा आम्ही स्टँडवर कंडक्टरला सुट्टे पैसे मोजून देत होतो.

भाच्याच्या मते ही सगळी सुपरहिरोंची लाट त्या एका मिनिटातून उठली. आमचा वाद तिथंच सुरू झाला, आणि अजून मिटलेला नाही. मी म्हणायचो, "अरे, सुरुवात १९७८ ला झाली." तो म्हणायचा, "ते जुनं झालं की मामा. मी लाटेचं बोलतोय, पहिल्या थेंबाचं नाही."

माझा १९७८ चा 'सुपरमॅन' मी बघितला तो सात-आठ वर्षांनी, गणपतीत. मंडळानं व्हीसीआर भाड्यानं आणला होता. आधी मराठी, मग हिंदी मारामारीचा, आणि भाडं सकाळपर्यंतचं भरलंय म्हणून पहाटेला इंग्रजी. तोवर निम्मी आळी पोत्यांवर आडवी झालेली. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण उडणं कळत होतं. "तारेला टांगलाय," असं एकजण मोठ्यानं म्हणाला. कुणीतरी त्याला गप्प केलं. तार असेलही, पण ती बघायची आमची इच्छा नव्हती. मला मात्र उडण्यापेक्षा दुसरंच लक्षात राहिलं. तो पोक काढून वावरणारा, चष्मेवाला, धांदरट बातमीदार एका खोलीत क्षणभर एकटा असतो. चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, आणि तिथल्या तिथं दुसराच माणूस उभा राहतो. ना तार, ना यंत्र. नुसती पाठ. आमच्या शाळेत एक मास्तर होते, ते फाटकातून घरात शिरताना नेमकं याच्या उलट व्हायचे.

या सुपरमॅनला जन्माला घातला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी. १९३८ साली तो छापून आला आणि त्याचे हक्क त्यांनी दिले १३० डॉलरला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला बसलेल्या माणसाला हे सांगून बघा. तो आधी हसेल, मग त्याला वाईट वाटेल.

बॅटमॅन त्यानंतर वर्षभरानं आला. १९८९ साली त्याचा काळाकुट्ट सिनेमा निघाला आणि जोरात चालला, १९९७ साली पार बटबटीत निघाला आणि आपटला. त्याच्याशी माझं कधी फारसं जमलं नाही. याचं कारण अगदी स्थानिक आहे. या गृहस्थाची सगळी इस्टेट, गाडी, यंत्रं, पोशाख, वाड्याखालच्या गुहेत. २००५ चा आणि २०१९ चा पूर बघितलेला सांगलीकर हे बघतो तेव्हा त्याला बॅटमॅनच्या वैऱ्याची, त्या जोकरची, भीती वाटत नाही. तो मनात म्हणतो, अरे बाबा, निदान बॅटरी तरी माळ्यावर ठेव.

मी हरतो तो २००२ च्या 'स्पायडरमॅन'पाशी. तिथं मला बाजू बदलावी लागते, कारण लाट म्हणाल तर ती तिथं डोळ्यांना दिसते. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवणारा तो पहिला सिनेमा. संगणकानं तोवर एवढी मजल मारली होती की इमारतींच्या मधून झोके घेणारा माणूस खोटा वाटेना. जाणकार लोक कारण म्हणून तेवढंच सांगतात: तंत्र आलं, म्हणून लाट आली. पण तंत्र तर इतरांकडंही होतं. मला वाटतं, खरी गंमत २००४ च्या दुसऱ्या भागात उघड झाली. त्यात या पोराला खोलीचं भाडं देता येत नाही आणि मालक दारातच उभा असतो. पिझ्झा पोचवायला उशीर होतो म्हणून नोकरी जाते. जग वाचवायचा तो निळा-लाल पोशाख तो धुलाईच्या यंत्रात इतर कपड्यांबरोबर टाकतो, आणि रंग सुटतो! पांढऱ्या कपड्यांची वाट लागते. आमच्या घरात हा प्रसंग बघून बायको एवढंच म्हणाली, "पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायचा." त्या क्षणापासून तो आमच्यातला झाला. इतर कुठल्याही महाबलीबद्दल आमच्या घरात असा आपुलकीचा सल्ला निघालेला नाही.

जाता जाता एक कुरकुर. २००७ साली याचा तिसरा भाग हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतसुद्धा बोलता झाला. आमच्या भाषेची आठवण मात्र कुणाला झाली नाही. "आत्ते, भाडं पुढच्या आठवड्यात देतो म्हणून सांग की त्याला," हे वाक्य कोळी झालेल्या त्या पोराच्या तोंडून ऐकायला मी दुप्पट तिकीट दिलं असतं.

आता भाच्याची बाजू. ती त्यानं मला समजावली तेव्हा मला ती सिनेमाची वाटलीच नाही, आमच्या भावकीची वाटली. चित्रकथा छापणारी मार्व्हल कंपनी १९९६ साली दिवाळखोरीत गेली. त्या ओढगस्तीच्या आगेमागे आपल्या गाजलेल्या पात्रांचे सिनेमाचे हक्क तिनं दुसऱ्यांच्या घरी दिले. स्पायडरमॅन सोनीकडं, एक्स-मेन फॉक्सकडं. त्यांच्यावर सिनेमे निघाले, पैसा वाहिला, आणि बापाच्या वाट्याला थोडंथोडकं आलं. मग २००५ साली कंपनीनं ठरवलं, आपण स्वतःच सिनेमे काढायचे. त्यासाठी ५२ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज उभं केलं, आणि तारण काय ठेवलं? कॅप्टन अमेरिका वगैरे उरलेल्या १० पात्रांचे हक्क. सिनेमे पडले असते तर सातबाराच सावकाराच्या नावावर झाला असता.

वाटणीत काळी रानं दुसऱ्यांकडं गेली आणि राहिला तो माळ. आयर्न मॅन म्हणजे तो माळ. लहान पोरांना विचारलं असतं तर पहिल्या पाचात त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. नट घेतला रॉबर्ट डाउनी ज्युनियर, नशेपायी तुरुंगात जाऊन आलेला, ज्याच्यावर पैसा लावायला लोक कचरत होते. तासगावच्या माणसाला इथं पुढचं सांगावं लागत नाही. खडकाळ माळावर कर्ज काढून द्राक्षबाग उभी करणारी माणसं त्याच्या घरात आहेत. बाग साधली तर साधली, नाहीतर एका अवकाळीत सगळं झोपलं. यांची साधली. वर्षभरात, २००९ साली, डिस्नेनं ती कंपनी जवळजवळ ४०० कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला.

"पण बाग साधली ती त्या शेवटच्या मिनिटामुळं," भाचा म्हणाला. "पुढच्या वर्षी परत या, असं सांगणारं मिनिट."

इथं मात्र मला आमच्या गावचा अभिमान बाहेर काढावाच लागला. म्हटलं, या धंद्याचं मूळ सांगलीत आहे. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं. गोष्ट प्रेक्षकांना आजीच्या मांडीवरून पाठ होती. धनुष्य मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक. तरी माणसं आली, कारण मोडताना बघायचं होतं. आणि त्या नाटकांतले राक्षस 'अललडुर्र' करत असे आरडत यायचे की त्या प्रकारच्या नाटकांना पुढं 'अललडुर्र नाटकं' असंच नाव पडलं. म्हणजे नायक देव असला तरी रंगत राक्षसानं आणायची, हे आम्हाला अमेरिकेच्या कितीतरी आधी माहीत. ज्या २००८ सालाचं तू कौतुक सांगतोस, त्याच सालच्या बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजरनं काय केलं? उडता येत नाही, अंगात बळ नाही, नुसता ओठ चाटत बोलणारा जोकर, आणि अख्खा सिनेमा खाल्ला. लेजर बिचारा सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच वारला, ऑस्कर मागाहून मिळालं. त्या ढीगभर सिनेमांत बांधणीला सगळ्यात पक्का तोच आहे, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. मात्र परत लावून बघत नाही. तो पाहुणा म्हणून घरी बोलवावा असा नाही.

पाहुणा हा शब्द माझ्या तोंडून सहज निघाला, आणि भाच्यानं तो पकडला. "बरोबर बोललास बघ. हे लोक पाहुणेच आहेत. दरवर्षी जत्रेला येतात तसे." मी गप्प बसलो, कारण मुद्दा बिनतोड होता. जत्रेला येणाऱ्या पाहुण्याची ताकद कोण बघतं? यंदा केस पांढरे झाले, पोरगी लग्नाला आली, मागल्या वर्षीचं भांडण अजून मिटलेलं दिसत नाही, हेच आपण बघतो. सरासरी वर्षाला दोन भेटी, ११ वर्षं. कीर्तनकार चातुर्मासात रोजचं आख्यान ऐन रंगात सोडून 'उरलेलं उद्या' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. (अलीकडं मात्र जत्रेला जायच्या आधी आठ तासांच्या दोन मालिका बघून ये म्हणतात. एवढा अभ्यास मी दहावीलाही केला नव्हता.)

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'एंडगेम' आला. 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मार्व्हलच्या ओळीतला बाविसावा. भाचा आता वीस वर्षांचा, तिकिटं त्यानंच काढली, आणि गाडी म्हणजे माझीच मोटारसायकल, त्यामुळं मुक्कामी एसटीचं कारण उरलं नव्हतं. तीन तासांचा सिनेमा. शेवटाकडं तो लोखंडी माणूस गेला, तेव्हा पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं नाक ओढत होती. आमच्या हातातली पोराची मनगटं कधी एवढी जाड झाली, असा काहीतरी विचार माझ्या मनात चालला होता.

नावं सुरू झाली. माझे पाय सवयीनं उभे राहिले.

"मामा, बस की. यंदा तरी बस."

बसलो. नावं चालूच. हजारभर तरी माणसं असतील. सुतार, रंगारी, शिंपी, संगणकवाले, ड्रायव्हर, जेवण देणारे. लोक उठून गेले. दिवे लागले. एक मावशी झाडू आणि पोतं घेऊन आमच्या रांगेच्या टोकाला येऊन थांबल्या, पॉपकॉर्नचे डबे गोळा करायला. आमच्याकडं बघून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

भाचा हळूच म्हणाला, "यात काही नाहीये म्हणतात. फक्त आवाज आहे."

"कसला?"

तेवढ्यात नावं संपली, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यातून लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला. ठण. ठण. मग पुन्हा ठण. चित्र काहीच नाही. पहिल्या सिनेमात तो गुहेत कोंडलेला असताना त्यानं पत्र्याचे तुकडे ठोकून पहिलं चिलखत केलं होतं, तोच आवाज. भाच्यानं डोळे पुसले आणि मी बघितलं नाही असं दाखवलं.

"संपलं का?" मावशींनी विचारलं.

"संपलं," भाचा म्हणाला, पण उठला नाही.

"मग पाय वर घ्या जरा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी पाय वर घेतले.